खरा मर्द कोण?

आपलं कोल्हापूर तालमींचं गाव. मर्द म्हटला की पैलवान डोळ्यांपुढं उभा राहतो. सिनेमातही आधी असाच मर्द दिसला. १९२३ साली बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात 'सिंहगड' काढला. तेव्हा सिनेमा मुका होता. त्यातला तानाजी तलवार घेऊन लढतो.

१९२५ साली त्यांनीच 'सावकारी पाश' काढला. त्यातला नायक गरीब शेतकरी. सावकार त्याची जमीन घशात घालतो. तो पोटासाठी शहरात जाऊन गिरणीत राबतो. असा नाडलेला माणूसही आता नायक झाला. हे काम व्ही. शांताराम यांनी केलं.

शांताराम पुढे पुण्याला गेले. तिथं १९३७ साली त्यांनी 'कुंकू' हा बोलपट काढला. त्यात एक म्हातारा वकील कोवळ्या मुलीशी लग्न करतो. ती त्याला नवरा मानत नाही. तिच्यावर अन्याय झाला, हे शेवटी त्याला कळतं. तो आपली चूक कबूल करतो.

मंडळी, तालमीत कमावलेलं अंग चांगलंच. पण बायकोवर हात उगारायला ताकद लागत नाही. "माझं चुकलं" म्हणायला मात्र मोठी छाती लागते. तुम्ही हे शेवटचं कधी म्हणालात?