विश्लेषण : शाळेच्या क्रॉस-कंट्री संघाकडे परतणाऱ्या प्रशिक्षकापुढे कोणती आव्हाने?

अमेरिकेत ऑगस्ट उजाडला की हायस्कूलच्या क्रॉस-कंट्री संघांचा सराव सुरू होतो. दर वर्षी काही जुने प्रशिक्षक मोठ्या खंडानंतर मैदानावर परततात. हातात तीच शिट्टी, तेच स्टॉपवॉच आणि सरावाची जुनी वही असते. पण दरम्यानच्या काळात मुले, नियम आणि क्रीडाविज्ञान असे सगळेच बदललेले असते. हा बदल ध्यानात न घेतल्यास त्याची किंमत प्रशिक्षकाला नव्हे, तर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना मोजावी लागते.

हा खेळ नेमका कसा असतो?

गवत, चिखल, चढ-उतार आणि झाडीतून साधारण ५ किलोमीटर धावायचे. मुख्य संघात सात धावपटू असतात आणि त्यांतल्या पहिल्या पाच जणांच्या क्रमांकांची बेरीज म्हणजे संघाचे गुण. बेरीज सर्वांत कमी तो संघ विजेता. पहिले पाचही क्रमांक एकाच संघाने पटकावले तर १+२+३+४+५ म्हणजे १५ गुण होतात, यापेक्षा सरस कामगिरी शक्यच नाही. त्यामुळे एकच तारा असलेला संघ हरतो आणि पाचव्या क्रमांकाचा धावपटू सुधारला तर संघ जिंकतो. बहुतेक शाळांत येईल त्याला संघात सामावून घेतले जाते. साहजिकच प्रशिक्षकाला अव्वल धावपटूइतकेच लक्ष शेवटच्या मुलाकडेही द्यावे लागते.

प्रशिक्षक थांबतात का, परततात का?

यातले अनेक जण त्याच शाळेतले शिक्षक असतात. प्रशिक्षणासाठी हंगामापुरते मानधन मिळते. रोज शाळा सुटल्यावर सराव, शनिवारी स्पर्धा, उन्हाळी सुटीतही धावण्याची शिबिरे. घरात लहान मूल आले किंवा आई-वडील आजारी पडले की हे जमत नाही. घरची जबाबदारी हलकी झाली, स्वतःचीच मुलगी संघात दाखल झाली किंवा शाळेला कुणी मिळेना, की पावले पुन्हा मैदानाकडे वळतात.

मधल्या काळात काय बदलले?

पूर्वी वेळ फक्त प्रशिक्षकाच्या घड्याळात कळायची. आता प्रत्येकाच्या मनगटावर जीपीएस घड्याळ आहे आणि प्रत्येक धाव स्ट्राव्हासारख्या ॲपवर सर्वांना दिसते. परिणामी, सावकाश धावण्याच्या दिवशीही मुले एकमेकांशी चढाओढ करतात आणि विश्रांतीचा दिवस वाया जातो. नॉर्वेच्या धावपटूंच्या सरावाचे व्हिडीओ पाहून ‘आपणही तसेच करू’ म्हणणारी मुलेही भेटतात. पूर्ण वाढ झालेल्या व्यावसायिक खेळाडूचा सराव शाळकरी मुलांना जसाच्या तसा लागू होत नाही, हे त्यांना समजावून सांगावे लागते.

दिनक्रमही बदलला. कॅलिफोर्नियात जुलै २०२२ पासून बहुतांश हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी भरवता येत नाहीत. मुलांची झोप वाढावी हा हेतू चांगलाच. पण शाळा उशिरा सुटते आणि सरावही पुढे ढकलला जातो.

सर्वांत मोठा बदल कोणता?

वजनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन. ‘हलके शरीर म्हणजे जास्त वेग’ हे समीकरण अनेक वर्षे बिनदिक्कत वापरले गेले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी ‘रेड-एस’ ही संकल्पना मांडली. खर्चाच्या मानाने पोटात अन्न कमी गेले, तर शरीर हाडे, संप्रेरके आणि प्रतिकारशक्ती यांत काटकसर करते. मुलींची पाळी थांबते, हाडांना सूक्ष्म तडे जातात. हा धोका मुलांनाही आहे. २०१९ मध्ये अमेरिकी धावपटू मेरी केन हिने वजन कमी करण्याच्या दबावामुळे आपली पाळी बंद पडली आणि हाडे मोडली, असे जाहीरपणे सांगितले. त्यानंतर हा विषय घरोघरी पोहोचला.

त्यामुळे वहीत कुठे ‘वजन कमी कर’ असा शेरा असेल, तर ते पान फाडून टाकलेलेच बरे. वयात येताना मुलीचा वेग वर्ष-दोन वर्षे थबकणे हा वाढीचा भाग आहे, आळस नव्हे.

उन्हाबद्दल नवे नियम काय सांगतात?

पहिले १० ते १४ दिवस सराव हळूहळू वाढवावा, म्हणजे शरीर उष्णतेला सरावते. केवळ तापमान नव्हे, तर आर्द्रता, ऊन आणि वारा एकत्र मोजून सराव ठेवायचा की नाही हे ठरवले जाते. श्रमामुळे उष्माघात झालाच, तर मुलाला आधी बर्फाच्या पाण्यात बसवून थंड करायचे, मग रुग्णालयात न्यायचे. पाणी मागणाऱ्याला ‘कच्चा’ म्हणण्याचे दिवस संपले.

मग जुनी वही टाकून द्यायची का?

अजिबात नाही. इलिनॉयच्या यॉर्क हायस्कूलचे जो न्यूटन यांनी सहा दशकांच्या आसपास प्रशिक्षण देत २८ राज्य विजेतेपदे मिळवली. संघात दीडशे-दोनशे मुले असूनही ते प्रत्येकाला नावाने ओळखत. कॅलिफोर्नियातील मॅकफार्लंड या शेतमजुरांच्या गावात जिम व्हाइट यांच्या संघांनी नऊ राज्य विजेतेपदे जिंकली. त्यांच्यावर २०१५ मध्ये चित्रपटही आला. मुलांच्या घरची परिस्थिती जाणून घेणे हा त्यांच्या कामाचा पाया होता. हा भाग कालबाह्य होत नाही.

पहिल्या हंगामात काय करावे?

विजेतेपदाचे आकडे बाजूला ठेवावेत. आधी प्रत्येक मुलाला विचारावे : किती झोपतोस, दुपारी काय खातोस, कुठे दुखते? उन्हाळ्यात प्रत्यक्ष किती धावला, त्यावरून सराव आखावा. प्रथमोपचार आणि बालसुरक्षेची प्रशिक्षणे पूर्ण करावीत. मुलांना एकेकट्याने संदेश पाठवण्याऐवजी पालकांसह गट करावा. आणि ‘माझ्या वेळचा संघ असा नव्हता’ हे वाक्य टाळावे. समोरच्या मुलांनी तो संघ पाहिलेलाच नाही.

आपल्याकडे यातून काय घेण्यासारखे?

बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात दाखल झाल्यावर क्रॉस-कंट्रीतूनच पुढे आला. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्ण त्याने जिंकले. शाळेच्या वयात अशी मुले हेरणारे क्रीडाशिक्षक आपल्याकडेही बदली, आजारपण किंवा इतर कामांमुळे मैदानापासून दुरावतात. ते परततात तेव्हा त्यांच्या अनुभवाला नव्या ज्ञानाची जोड मिळावी, यासाठी शाळेने वर्षाच्या सुरुवातीला दोन दिवसांचे उजळणी प्रशिक्षण दिले, तरी मोठे काम होईल. मैदान आणि अनुभव दोन्ही आहेतच. मधल्या वर्षांत साचलेली धूळ तेवढी झटकायची आहे.