क्यू आहे, यू नाहीं

इंग्रजी स्क्रॅबलच्या शंभर सोंगट्यांत क्यू एकच; त्याचे गुण दहा. परंतु तो हातीं आला आणि यू नसला, कीं क्रांती चौकांतील आमचीं मुलें हताश होतात व आपलें इंग्रजी कच्चें, असें मानूं लागतात. वास्तविक, अशा वेळीं उपयोगी पडणारे शब्द त्यांच्या घराजवळचेच आहेत.

अरबींत घशांतून उच्चारिलें जाणारें ‘काफ’ नांवाचें अक्षर आहे. इंग्रजींत तें पुष्कळदां नुसत्या क्यूनें लिहितात. यूचें तेथें कांहींच काम नाहीं. आपला काजी तेथें क्यू-ए-डी-आय असा बसतो. कव्वालीहि क्यूनेंच आरंभ पावते. सर्वांत गंमतीचा शब्द क्यू-ए-एन-ए-टी, म्हणजे कनात. तंबूची नव्हे, तर भूमीखालून पाणी आणणारा कालवा. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं ह्याच शहरासाठीं बांधविलेली नहर-ए-अंबरी त्याच पद्धतीची. तेव्हां नुसत्या याद्या घोकण्यापेक्षां शब्द कोणत्या भाषेंतून आला, हें मुलांनीं विचारावें, असें आम्हांस वाटतें.

पालकांनीं मात्र कोणता कोश प्रमाण मानावयाचा, हें डाव मांडण्यापूर्वींच ठरवावें. मागाहून ठरविल्यास तंटा होतो.