९९ नंतर १०० : ब्राउझरचा आवृत्ती क्रमांक आणि आपला प्रयोग

भुसावळ जंक्शनवरून जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आधी १०३९ होती. २० डिसेंबर २०१० पासून रेल्वेने गाड्यांचे क्रमांक पाच अंकी केले आणि ती ११०३९ झाली. गाडी तीच, मार्गही तोच. पण समजा, एखाद्या प्रोग्राममध्ये ‘गाडी क्रमांक म्हणजे चारच अंक’ असं लिहिलेलं असेल, तर तो त्या दिवशी चुकणारच.

ब्राउझरच्या बाबतीत ही वेळ २०२२ मध्ये आली. क्रोम १०० आला २९ मार्चला, फायरफॉक्स १०० आला ३ मे रोजी. आता १०० मध्ये घाबरण्यासारखं काय? दोन गोष्टी. पहिली, फक्त दोन अंक वाचणारा कोड १०० ला १० समजतो आणि ‘तुमचा ब्राउझर जुना आहे’ म्हणून अडवतो. दुसरी, क्रमांकांची तुलना मजकूर म्हणून केली, तर १०० हे ९९ च्या आधी येतं. शब्दकोशात ‘कमळ’ हे ‘घर’च्या आधी येतं ना, तसंच. तिथे पहिलं अक्षर बघतात, लांबी नाही.

हा प्रश्न नवीन नव्हता. २००९ मध्ये ऑपेरा १० आला, तेव्हा जुन्या साइट्स बिघडू नयेत म्हणून त्याने आपल्या ओळखीत, म्हणजे यूजर एजंटमध्ये, सुरुवातीला ९.८० लिहिलं आणि खरा क्रमांक शेवटी टाकला.

आता क्रमांक वाचायचा कसा? १००.०.४८९६.६० घ्या. यात चार भाग आहेत : मुख्य, उप, बिल्ड आणि पॅच. हा दशांश अपूर्णांक नाही. प्रत्येक भाग वेगळा करून, पूर्णांक म्हणून, डावीकडून तुलना करायची.

संशोधनात हे कुठे अडतं ते बघा. तुम्ही पान उघडायला लागणारा वेळ मोजताय. प्रयोग सहा महिने चालला. क्रोमच्या मुख्य आवृत्त्यांमधलं अंतर २०२१ मध्ये चार आठवड्यांवर आलं आणि अपडेट तर आपोआप होतं. म्हणजे पहिलं आणि शेवटचं मोजमाप वेगवेगळ्या ब्राउझरवरचं असू शकतं. फरक तुमच्या पद्धतीमुळे पडला की ब्राउझरमुळे, असं परीक्षकांनी विचारलं तर उत्तर काय देणार?

म्हणून तीन सवयी लावून घ्या.

१. प्रत्येक मोजमापासोबत पूर्ण क्रमांक नोंदवा. तो ब्राउझरच्या माहितीच्या पानावरून घ्या. यूजर एजंटमधून घेऊ नका, कारण क्रोम १०१ पासून तिथे मुख्य क्रमांकापुढे नुसती शून्यं येतात.

२. शक्य असेल तर आवृत्ती बांधून ठेवा. ‘क्रोम फॉर टेस्टिंग’ आपोआप अपडेट होत नाही. फायरफॉक्सच्या ईएसआर आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, पण मोठे बदल साधारण वर्षाने येतात.

३. डेव्हलपर टूल्समध्ये यूजर एजंट बदलता येतो. त्याने फक्त नाव बदलतं, आतलं इंजिन तेच राहतं. साइट तुम्हाला कसं ओळखते हे तपासायला ते ठीक आहे, पण ‘जुन्या ब्राउझरवर चाचणी केली’ असं प्रबंधात लिहायला ते पुरत नाही.

आणि तुमची साइट एखादी सुविधा वापरणार असेल, तर क्रमांकावरून अंदाज बांधू नका. ती सुविधा उपलब्ध आहे का, हे कोडमधून थेट ब्राउझरलाच विचारा.