गाळ संपला, जस्त राहिलं

मैलापाणी शुद्ध झालं की त्यातले धातूही गेले, असा एक सोयीचा समज आहे. ते जातात, पण गाळात. जस्त, तांबं, शिसं, कॅडमियम घन कणांना चिकटून तळाला बसतात. हाच गाळ कुजवून, वाळवून खत म्हणून शेतात पडतो. त्यात नत्र-स्फुरद भरपूर, सेंद्रिय कर्बही मिळतो. शेतकऱ्याने तो का नाकारावा?

इंग्लंडमधल्या वोबर्नच्या रेताड जमिनीवर रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी 1942 मध्ये एक प्रयोग सुरू केला. भाजीपाल्याच्या काही तुकड्यांना शेणखत, काहींना मैल्याचा गाळ. हलक्या जमिनीचा कस कशाने टिकतो, एवढंच पाहायचं होतं. 1961 नंतर गाळ थांबला. पुढे वीसेक वर्षांनी तिथे पांढरा क्लोव्हर, म्हणजे आपल्या बरसीमचा भाऊबंद, लावला. शेणखतावर तो तरारला, गाळाच्या जमिनीत पिवळा पडून खुरटला. वरून नत्र दिलं की मात्र सुधारायचा. म्हणजे बाधा रोपाला नव्हतीच. हरभऱ्यासारख्याच क्लोव्हरच्या मुळांवरही हवेतलं नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात. इथे त्या होत्या, पण बारीक, पांढुरक्या, नत्र न बांधणाऱ्या. मॅकग्राथ, ब्रूक्स आणि गिलर या शास्त्रज्ञांना आढळलं, की धातूंच्या माऱ्यात निकामी जिवाणूच तेवढे तगलेत. बाहेरून चांगले आणून सोडले, तेही टिकले नाहीत.

याहून बोलका भाग हिशेबाचा. घातलेले धातू आणि मातीत सापडणारे धातू यांचा मेळ बसेना. पावसाने झिरपून गेले असतील, असं वाटणं साहजिक होतं. प्रत्यक्षात बरेचसे शेजारच्या मातीत निघाले. नांगरटीने मातीच बाजूला सरकली होती!

युरोपने 1986 मध्ये अशा जमिनींसाठी धातूंच्या मर्यादा ठरवल्या. जिवाणूंना त्रास होत होता तो या मर्यादांच्या आसपासच, म्हणून ब्रिटनमध्ये पुढे जस्ताची शिफारस किलोमागे 300 वरून 200 मिलिग्रॅमवर आणली गेली.

असेच धातू शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमधूनही शेतात येऊ शकतात. आपल्याकडे खत नियंत्रण आदेशात या शहरी कंपोस्टला कॅडमियमची मर्यादा किलोला 5 मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा खताची झाली, जमिनीत साठलेल्याची नाही. अगदी काठावरचं खत एकरी चार टन दरवर्षी घातलं, तर हेक्टरी सुमारे 50 ग्रॅम कॅडमियम पडतं. वरच्या वीतभर थराची माती हेक्टरी साधारण 2,000 टन धरली, तर चाळीसेक वर्षांत किलोमागे 1 मिलिग्रॅमची भर पडते. युरोपची मर्यादा 1 ते 3 आहे. बाप-लेकाच्या दोन पिढ्या पुरेत.

देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत हे धातू बरेचसे जखडलेले राहतात. कोकणच्या आम्ल जांभ्या मातीत ते मोकळे होऊन पिकात चढायचा धोका जास्त. जस्त वाढलं तर पीक स्वतःच मान टाकतं, कॅडमियम मात्र हिरव्यागार पालेभाजीतून ताटात येऊ शकतं. मृदा आरोग्य पत्रिकेवर 12 घटक तपासले जातात. त्यांत जस्त आणि तांबं आहे, पण ते कमी पडतंय का हे पाहायला. कॅडमियम, शिसं, निकेल यांचा रकानाच नाही.