विदर्भाच्या खडकात अमेरिकेतला मासा कसा?

वाशिम जिल्ह्यातल्या धनजच्या काळ्या मातीखाली बेसॉल्ट आहे, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. तप्त लाव्ह्यात मासा टिकत नाही. पण लाव्ह्याखाली आणि त्याच्या दोन थरांमध्ये दबलेल्या तळ्यांच्या गाळात टिकतो. असा गाळ चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला आहे.

तिथल्या माशांचे वर्णन ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये केले. त्यात तीन निराळी कुळे निघाली:

• गार: लांब जबडा, हाडासारखे कठीण, चकचकीत खवले. आज हा मासा फक्त उत्तर व मध्य अमेरिका आणि क्युबात आढळतो.

• पिक्नोडस: कवच फोडणारे गोलसर दात. हे कूळ पुढे नामशेष झाले.

• इओसेरानस: परांना काटे. आजचे जिताडा, चिलापी याच मोठ्या गटातले.

मग गार पूर्वीपासून फक्त अमेरिकेतलाच का? नाही. त्याचे जीवाश्म युरोप आणि आफ्रिकेतही मिळाले आहेत. हे कूळ पूर्वी दूरवर पसरलेले होते. बाकीकडे संपले, अमेरिकेत उरले.

उत्क्रांती म्हटले की शिडी डोळ्यासमोर येते: जुना मासा गेला, नवा आला. जीवाश्म मात्र झाड दाखवतात. ५० कोटी वर्षांपूर्वीच बिनजबड्याचे मासे होते. तिथून फांद्या फुटत गेल्या. डोंगरगावच्या गाळात जुनी-नवी कुळे शेजारी-शेजारी आहेत. त्यातला जुन्या वळणाचा गार आजही पोहतो आहे.