वायर लावली तरी नेट जातं-येतं? छोट्या सर्व्हरचं दुखणं कसं शोधायचं

ज्यांना कानात इअरफोन घालण्यापेक्षा बसमध्ये बसून वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी ही या एपिसोडची लेखी आवृत्ती. आजचा विषय असा: घरात, दुकानात किंवा ऑफिसात एक छोटा सर्व्हर आहे, त्याला वायफाय नाही, चक्क लॅनची वायर लावलेली आहे, आणि तरी कनेक्शन मधेच जातं. थोड्या वेळाने आपोआप येतं. पुन्हा जातं.

पूर्ण बंद पडलेली गोष्ट शोधायला सोपी असते. ‘कधी कधी चालतं’ हा खरा त्रास. कारण तुम्ही बघायला गेलात की ते नेमकं चालू असतं, आणि मग प्रत्येक जण आपापला अंदाज सांगतो. म्हणून आजच्या एपिसोडमधून एकच गोष्ट घेऊन जा: आधी नोंद, मग हात. काहीही बदलण्याआधी ते नेमकं कधी आणि कुठे तुटतं, ते लिहून काढायचं.

उदाहरण माझ्या मामाच्या पॅथॉलॉजी लॅबचं देते. सातारा जिल्ह्यातली छोटी लॅब. कोपऱ्यात एक मिनी पीसी, त्यावर लिनक्स, आणि त्याच्यावर सगळे पेशंटचे रिपोर्ट. पुढच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून ते रिपोर्ट उघडायचे, प्रिंट करायचे, डॉक्टरांना पाठवायचे. डेंग्यूच्या दिवसांत पेशंटचा नातेवाईक प्लेटलेट काउंटसाठी समोर उभा असतो आणि स्क्रीनवर येतं, ‘सर्व्हर सापडत नाही’. मामा म्हणाला, “अगं, इंटरनेटवाला येऊन गेला, राउटर नवा घेतला, आता म्हणतायत सर्व्हरच बदला. तू जरा बघतेस का?”

इथे पहिला मुद्दा. लॅबच्या आतला सर्व्हर आणि आतलाच कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात, तेव्हा इंटरनेटचा संबंधच येत नाही. बाहेरची लाइन तुटली तरी आतलं काम चालायला हवं. म्हणजे इंटरनेटवाल्याला फोन करून उपयोग नव्हता.

आणि हो, शोध सुरू करण्याआधी बॅकअप. फाइल सेव्ह होत असताना कनेक्शन तुटलं तर ती अर्धवट राहू शकते. आम्ही सगळे रिपोर्ट आधी एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी केले. शिवाय मामाच्या माणसांना सांगितलं, रिपोर्ट आधी समोरच्या कॉम्प्युटरवर सेव्ह करा, मग सर्व्हरवर टाका.

आता पायऱ्या.

पहिली पायरी: कुठली बाजू तुटते?
समोरच्या कॉम्प्युटरवर दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग, दुसरीत सर्व्हरला पिंग. दोन्ही चालू ठेवा, प्रत्येक ओळीसमोर वेळ येईल असं बघा. दोन्ही एकदम थांबले तर दोष राउटरचा, मधल्या स्विचचा किंवा त्या कॉम्प्युटरच्याच वायरचा. राउटर उत्तर देतोय आणि फक्त सर्व्हर गप्प, तर दोष सर्व्हरकडच्या बाजूला. आमच्याकडे फक्त सर्व्हर गप्प होत होता. नवा राउटर घेण्याची गरज नव्हती, हे इथेच कळलं.

दुसरी पायरी: सर्व्हरची डायरी वाचा.
लिनक्स सगळं लिहून ठेवतो. ‘डीमेसेज’ किंवा ‘जर्नलसीटीएल’ या कमांडमध्ये ‘लिंक डाऊन’, ‘लिंक अप’ अशा ओळी शोधा. त्या दिसल्या तर जोडच तुटतोय: वायर, कनेक्टर, पोर्ट किंवा नेटवर्क कार्ड. त्या नाहीत आणि तरी पिंग थांबतं, तर भानगड वेगळी आहे. तिच्याकडे पुढे येते.

तिसरी पायरी: वेग बघा.
‘ईथटूल’ कमांड सध्याचा वेग दाखवते. दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असून १००० ऐवजी १०० दिसत असेल तर कान टवकारा. लॅनच्या वायरीत ८ तारा असतात, म्हणजे ४ जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या २ जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटकी असेल, तर बरीच उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात. नेट ‘चालू’ दिसतं, पण ते लंगडत असतं.

त्यासोबत एररचे आकडे बघा. प्रत्येक फ्रेमच्या शेवटी ४ बाइटची एक बेरीज असते, तिला सीआरसी म्हणतात. वाटेत डेटा बिघडला की ती जुळत नाही आणि फ्रेम फेकली जाते. आकडा वाढत असेल तर संशय आधी वायर आणि कनेक्टरवर.

एक सल्ला सर्रास मिळतो: ‘वेग हाताने १०० ला फिक्स कर.’ फक्त एका बाजूला असं केलं, तर समोरचं पोर्ट वेग ओळखतं, पण दोन्हीकडून एकाच वेळी बोलायचं की आळीपाळीने, हे त्याला कळत नाही. ते आळीपाळीचं, म्हणजे हाफ डुप्लेक्स, धरतं. मग टक्कर आणि कासवाचा वेग. दोन्ही बाजू ‘ऑटो’वरच ठेवा.

चौथी पायरी: एका वेळी एकच बदल.
आधी वायर, मग राउटरचं पोर्ट, मग नेटवर्क कार्ड. तिन्ही एकदम बदलले आणि प्रश्न सुटला, तर काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही. बदलानंतर थांबायचं किती? कनेक्शन साधारण दोन तासांनी जात असेल, तर निदान पूर्ण दिवस. दहा मिनिटं चालणं हा पुरावा नाही.

नवी वायर घेताना विचारा, ‘सीसीए आहे का?’ सीसीए म्हणजे आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. स्वस्त मिळते, पण ठिसूळ असते. पूर्ण तांब्याचीच घ्या.

लिंक तुटत नाही, तरी सर्व्हर गायब?
मग आयपी पत्त्याची टक्कर तपासा. सर्व्हरला हाताने दिलेला पत्ता राउटरने एखाद्या मोबाइललाही वाटला, तर तो मोबाइल ऑफिसात आला की सर्व्हर हरवतो. उपाय: राउटरमध्ये तो पत्ता सर्व्हरसाठी राखून ठेवा. दुसरा संशयित वीजबचत. काही नेटवर्क कार्डं आणि यूएसबी अडॅप्टर काम नसताना डुलकी घेतात आणि नीट जागे होत नाहीत. ती सेटिंग बंद करून एक दिवस बघा.

आता लॅबमध्ये काय निघालं? डायरीत ‘लिंक डाऊन’च्या ओळी होत्या, दर वेळी काही सेकंदांच्या. वेळा एका कागदावर उतरवल्या तेव्हा दिसलं की बहुतेक सकाळी साडेसात ते दहाच्या मधल्या, आणि पुन्हा संध्याकाळी. मी मामाला विचारलं, “या वेळी लॅबमध्ये काय चालू असतं?” उत्तर दिलं लॅबमधल्या ताईंनी: “तेव्हा सेंट्रिफ्यूज चालतं ना, उपाशीपोटीच्या सॅम्पलची गर्दी असते.” रक्तातून सीरम वेगळं करणारं ते मशीन सर्व्हरच्याच टेबलावर होतं. आणि सर्व्हरला लावलेल्या कनेक्टरची ती छोटी प्लास्टिकची क्लिप तुटलेली होती. मशीन फिरलं की टेबल थरथरायचं आणि क्लिप नसलेला कनेक्टर किंचित सरकायचा.

नवी पॅच कॉर्ड लावली आणि सेंट्रिफ्यूज मुद्दाम चालवत दिवसभर बघितलं. एकही ‘लिंक डाऊन’ नाही. दुसऱ्या दिवशी सर्व्हरही भिंतीवरच्या फळीवर हलवला. सर्व्हर बदलावा लागला नाही.

हे उत्तर कुठल्याही कमांडने एकट्याने दिलं नसतं. डायरीने वेळ सांगितली, त्या वेळी काय घडतं ते तिथे रोज काम करणाऱ्या बाईंना माहीत होतं. तेव्हा पुढच्या वेळी कोणी म्हणालं, ‘सर्व्हरच बदला’, तर त्यांना आधी विचारा: तुटण्याच्या वेळा लिहिल्यात का?

तुमच्याकडे अशी जाणारी-येणारी लाइन असेल, तर आज रात्री पिंग चालू ठेवून झोपा. सकाळी चहा घेता घेता वाचा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!