तांबूस केसांची साक्ष

दिवाळी तोंडावर आली की घरोघर माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. फराळाच्या पराती, मुलांची जुनी प्रगतिपुस्तके, लग्नातल्या पत्रिका असा सगळा पसारा ओसरीवर मांडला जातो आणि त्यातच कधी कधी एखादी बाहुली सापडते. कुणाच्या मामाने अमेरिकेहून आणलेली, कुणाच्या आत्याने मुंबईहून धाडलेली. घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "द्या टाकून!" दुसरा म्हणतो, "थांबा, जुन्या बाहुल्यांना हल्ली फार भाव आहे म्हणतात." आणि तेवढ्यात कुणीतरी हळूच विचारते, "पण काय हो, हिचे केस पहिल्यापासून असेच होते का?"

हा शेवटचा प्रश्न फिरत फिरत माझ्याकडे येतो. मी बीडची. शाळेत हस्तकला शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. आमच्या मराठवाड्यात ज्येष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. त्यांच्या मुखवट्यांना टोप बसवणे, गंगावन जोडणे, अंबाडा घालणे ही कामे गल्लीतल्या बायका मोठ्या हौसेने करतात, आणि त्यात माझाही हात असतो. खोटे केस कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे अशा कामात डोळ्याला आपोआप कळू लागते. तोच डोळा पुढे बाहुल्यांकडे वळला. आता तर पुण्या-मुंबईहून मोबाइलवर छायाचित्रे येतात आणि खाली एकच ओळ असते : "बाई, केस अस्सल आहेत का, तेवढे सांगा."

तेवढेच सांगणे सोपे नसते. बाहुलीचा अंगरखा बदलता येतो, बूट दुसरे घालता येतात. पण केस हा तिच्या जन्माचा दाखला. तो वाचायचा कसा, हे थोडक्यात सांगते.

अगदी जुन्या बाहुल्यांपासून सुरुवात करू. १८६०-७० च्या सुमारास पॅरिसमध्ये फॅशनच्या बाहुल्या बनत. लहान मुलीसारख्या नव्हे, नटलेल्या तरुण स्त्रीसारख्या. झ्युमो हे त्यांतले एक गाजलेले घराणे. या बाहुल्यांचे डोके चकाकी नसलेल्या चिनी मातीचे असे आणि माथा उघडा असे. त्यावर बुचाची एक टोपी बसवीत आणि तिच्यावर केसांचा टोप. टोप बहुधा अंगोरा शेळीच्या लोकरीचा, कधी माणसाच्या केसांचा. जर्मन कारागीर बुचाऐवजी पुठ्ठ्याची किंवा प्लास्टरची टोपी वापरीत. अशी बाहुली हाती आली तर केसांच्या रंगाकडे शेवटी पाहावे. आधी टोपाची कड पाहावी. जुना डिंक कुठे उचकटला आहे का? एकावर एक असे दोन डिंक दिसतात का? टोपाखालची चिनी माती उघड्या भागापेक्षा स्वच्छ आहे का? मूळ टोप शंभर वर्षे एका जागी बसला असेल, तर त्याची खूण राहतेच. भिंतीवरची तसबीर काढल्यावर मागे रंगाचा चौकोन राहतो ना, तशी.

एक इशारा येथेच देऊन ठेवते. केस कशाचे आहेत ते पाहायला काही जण एखादा केस जाळून पाहतात. कृपा करून तसे करू नका. परीक्षेपायी परीक्षार्थीच जायचा!

आता आपल्या घरांत खरोखर सापडणाऱ्या बाहुल्यांकडे येऊ. यांचे डोके व्हिनाइलचे असते आणि केस टोपाचे नसून यंत्राने टाके घालून डोक्यातच ओवलेले असतात. यांची महाराणी म्हणजे बार्बी. अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीने ती १९५९ साली बाजारात आणली. आरंभीच्या बार्ब्या जपानात घडल्या. तेव्हा तिला दोनच रंगांचे केस होते, सोनेरी आणि काळसर तपकिरी. आणि केशरचना एकच : मागे उंच बांधलेली पोनीटेल व कपाळावर कुरळ्या बटा. १९६१ साली तिसरा रंग आला. त्याला 'टिशियन' म्हणत. ज्या इटालियन चित्रकाराच्या चित्रांतल्या स्त्रियांचे केस तांबूस सोनेरी असत, त्याच्यावरून हे नाव. त्याच साली आखूड, फुगवलेली 'बबल कट' रचना आली. १९६५ मध्ये गुडघे वाकणारी बार्बी निघाली. तिचे केस हनुवटीपाशी सरळ कापलेले. १९६७ मध्ये कंबरेत वळणारी बार्बी नवा चेहरा आणि लांब मोकळे केस घेऊन आली. तिच्या केसांच्या रंगांची नावे तर ऐकण्याजोगी : समर सँड, सन किस्ड, गो गो को को, चॉकलेट बॉन बॉन. जणू मिठाईच्या दुकानातली पाटीच!

टोपाची हौसही या बार्बीने सोडली नव्हती. १९६३ साली 'फॅशन क्वीन' नावाची बार्बी निघाली. तिचे स्वतःचे केस कोरलेले व रंगवलेले, आणि सोबत घालायला-काढायला तीन टोप : सोनेरी, तपकिरी आणि टिशियन. आज अशी बाहुली टोपांवाचून सापडते आणि लोकांना वाटते की हिचे केस कुणी तरी उपटून टाकले. बिचारीचे केस गेलेले नसतात, डबा हरवलेला असतो.

हे सारे पाठ असले म्हणजे ओळख पटते का? नाही. खरी मौज पुढेच आहे.

समजा, आखूड केसांची जुनी बार्बी तुमच्या हाती आली. ही १९६५ ची, की एखाद्या पोरीने कात्री चालवलेली आधीची? केस हळूच बाजूला सारून माथा पाहा. सुरुवातीच्या पोनीटेलवाल्या बार्बीचे केस डोक्याच्या कडेकडेने ओवलेले असत. मधला माथा रिकामा. पोनीटेल उंच बांधली की तो झाकला जाई. पोनीटेल कापली की टक्कल उघडे पडते. आखूड केस ठेवायचे म्हणूनच घडवलेल्या बाहुलीचा माथा मात्र भरलेला असतो. कात्री लपवता येते, माथा लपवता येत नाही.

दुसरा फसवा पुरावा म्हणजे बाहुलीच्या पाठीखाली उमटवलेले साल. "बाई, यावर १९६६ लिहिले आहे!" असे सांगणारे कितीतरी जण आनंदाने आलेले मी पाहिले आहेत. हे साल त्या अंगाच्या नमुन्याच्या नोंदणीचे. तेच साल पुढे कित्येक वर्षे, अगदी १९९० च्या दशकातल्या बाहुल्यांवरही उमटत राहिले. त्या दशकात आपल्याकडे लिओ मॅटेलच्या नावाने बार्ब्या विकल्या जात, साडीतल्यासुद्धा. आपल्या घरांत निघणाऱ्या पुष्कळशा बार्ब्या याच पिढीतल्या. म्हणून अंगावरचे साल, चेहऱ्याची ठेवण, देशाचे नाव आणि केसांची रचना या चौघांची साक्ष जुळली तरच निकाल द्यावा.

तिसरा घोटाळा खास आपला. आपल्या घरात बाहुली आली की तिला तेल लागते, वेणी पडते. खोबरेल तेलाने माखलेल्या बार्ब्या मी ढिगाने पाहिल्या आहेत. पण चिकट केस पाहून प्रत्येक वेळी आजीला दोष देऊ नये. पुष्कळ अलीकडच्या बाहुल्यांच्या डोक्यात केस घट्ट राहावेत म्हणून आतून गोंद भरलेला असे, आणि तो वर्षांनुवर्षे मुळांतून बाहेर झिरपतो. तेल असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने निघून जाते. गोंद असेल तर आज धुतले की काही दिवसांनी चिकटपणा पुन्हा हजर. हा चिकटपणा एका अर्थी चांगलाच. केस कारखान्यात ओवल्यापासून तिथेच आहेत, असे तो सांगतो.

आणि चौथी गोष्ट रंगाची. रंग हा साक्षीदारांतला सर्वांत कच्चा. पण एकदा या कच्च्या साक्षीदारानेच एका घराची लाज राखली, ती हकीगत सांगते.

आमच्या जिल्ह्यातल्या एका गावी दोन बहिणी आहेत. दोघींनीही साठी ओलांडली आहे. त्यांचे काका शिकायला अमेरिकेत होते. १९६८ साली परत येताना त्यांनी थोरलीसाठी एक बाहुली आणली. दुकानात गोऱ्या बाहुल्यांची रांग होती. त्यातून काकांनी मुद्दाम सावळी निवडली, "आपल्या पोरीसारखी दिसते" म्हणून. काळसर केसांची, सावळ्या कांतीची ती बाहुली थोरलीचा जीव की प्राण. लग्न होऊन सासरी जाताना तिने ती धाकटीच्या स्वाधीन केली आणि सांगितले, "नीट सांभाळ." काही वर्षांनी माहेरपणाला आल्यावर तिने बाहुली पाहायला मागितली, तो केस तांबडे!

"ही माझी नव्हेच. माझीचे केस काळे होते."

"अक्का, मी हात नाही ग लावला. आपोआपच होत गेले."

"केस कधी आपोआप तांबडे होतात? फोडलीस म्हणून सांग, दुसरी आणून ठेवलीस म्हणून सांग. पण खोटं बोलू नकोस."

भांडण तेवढ्यावर मिटले. बोलणे काही थांबले नाही. राखीपौर्णिमा, दिवाळसण, मुलांची लग्ने सारे यथास्थित पार पडले. पण बाहुलीचा विषय निघाला की थोरली गप्प होई आणि धाकटीचा चेहरा उतरे. वस्तू एवढीशी, पण "तू खोटे बोललीस" हा शब्द एवढासा नसतो.

गेल्या वर्षी धाकटी ती बाहुली घेऊन माझ्याकडे आली. तिला किंमत नको होती. "एवढंच सांगा, ही तीच आहे का?" एवढेच तिचे म्हणणे.

मी आधी केसांच्या रांगा पाहिल्या. टाके यंत्राचे, सारख्या अंतराचे, एकही भोक रिकामे नाही. मग डोके कोमट पाण्याने मऊ करून हलकेच मानेपासून सोडवले आणि आत पाहिले. हाताने पुन्हा केस ओवले असते तर गाठी दिसल्या असत्या, गोंद दिसला असता. त्यातले काही नव्हते. म्हणजे केस कारखान्यातलेच. मग चेहरा पाहिला, डोळ्यांचा तांबूस तपकिरी रंग पाहिला, आणि बाहुलीचे नाव मिळाले : फ्रान्सी.

फ्रान्सी ही बार्बीची चुलतबहीण म्हणून १९६६ साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, मॅटेलने तिची सावळी आवृत्ती काढली. चेहऱ्याचा साचा गोऱ्या फ्रान्सीचाच, रंग तेवढा निराळा. ती फारशी खपली नाही. त्यामुळेच आज दुर्मिळ आहे. संग्राहकांना तिच्याबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तिच्या पहिल्या खेपेतल्या बाहुल्यांना जे गडद तपकिरी केस लावले होते, त्यांचा रंग टिकला नाही. हवेतल्या प्राणवायूचा परिणाम होऊन ते वर्षांगणिक तांबूस होत गेले. दुसऱ्या खेपेतल्या बाहुल्यांचे केस काळेच राहिले. १९६८ साली आलेल्या ख्रिस्टी या सावळ्या बाहुलीचेही पुष्कळदा असेच झालेले दिसते.

म्हणजे काय झाले पाहा. धाकटीवर ज्या तांबड्या केसांमुळे आळ आला, तेच केस ती बाहुली पहिल्या खेपेतली अस्सल असल्याची खूण होते. काळ्या केसांची बाहुली समोर ठेवली असती, तरच शंका घ्यायला जागा होती.

दोघींना एकत्र बोलावून मी हे सांगितले. इतर फ्रान्सींची छायाचित्रे दाखवली. त्याच तांबूस छटेच्या कितीतरी. थोरली बराच वेळ एकेक चित्र पाहत होती. शेवटी तिने बाहुलीचा डबा धाकटीपुढे सरकवला आणि म्हणाली, "तुझ्याकडेच राहू दे. तूच नीट सांभाळलीस." धाकटी काही बोलली नाही. एका संग्राहकाने नंतर चांगली रक्कम देऊ केली, ती दोघींनी मिळून नाकारली.

म्हणून सांगते, यंदा ट्रंकेतून बाहुली निघाली तर लगेच धुवायला घेऊ नका. आधी सगळ्या बाजूंनी छायाचित्रे काढा. बांधलेली रिबन सोडू नका. कारखान्यात बसवलेले वळण एकदा मोडले की पुन्हा येत नाही. केस रंगवू नका, विरळ दिसले तरी नवे ओवू नका. कानात धातूची कुडी असेल आणि भोवती व्हिनाइल हिरवट झाले असेल, तर कुडी तेवढी काढून वेगळी जपून ठेवा. बाहुली कडक उन्हात ठेवू नका. आणि एका कागदावर लिहून ठेवा : कुणी आणली, कोणत्या साली, तेव्हा केस कसे होते आणि कुणी कुणाला दिली. केसांचा रंग उडेल. शाईने लिहिलेले पुढच्या पिढीला वाचता येईल.

किंमत ठरवायला बाजार बसलेलाच आहे. पण घरातल्या कुणावर जुन्या वस्तूवरून आळ घेण्याआधी, त्या वस्तूला आपली बाजू मांडू द्यावी. ती मुकी असली तरी खोटे बोलत नाही. तिची भाषा मात्र शिकून घ्यावी लागते.